आईच्या आठवणीचे पैसे आणि चर्चचं छप्पर: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून दोन ओळींत बोळवण करत नाही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्मृतिप्रीत्यर्थ येणाऱ्या देणग्यांबद्दल धर्मग्रामाचं (म्हणजे पॅरिशचं, एका चर्चशी जोडलेल्या श्रद्धावंतांच्या समुदायाचं) लेखी धोरण असावं आणि न झेपणारी देणगी नम्रपणे नाकारावी, असं मी लिहिलं होतं. तुमच्या मते ही चर्चची पाठराखण झाली. आईच्या निधनानंतर तुम्ही लोकांना फुलांऐवजी चर्चला देणगी द्यायला सांगितलंत. तुम्हा भावंडांच्या मनात वेदीमागची रंगीत काचेची खिडकी होती, आणि पैसे लागले गळक्या छपराला. शिवाय ‘मिस्सेचेही पैसे घेता’ हा टोला आहेच (मिस्सा म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना). आणि दुःखातल्या माणसापुढे फॉर्म सरकवणं तुम्हाला निर्दयपणाचं वाटतं.

मी कॅथलिक धर्मग्रामापुरतंच बोलतोय. १९८३च्या कॅनन लॉमधलं, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या कायद्यातलं, कलम १२६७ स्पष्ट आहे: ठरावीक हेतूसाठी दिलेलं दान त्याच हेतूला वापरायचं. छप्पर कितीही गळत असलं तरी फादर किंवा आर्थिक समिती ते परस्पर वळवू शकत नाहीत. त्याच कलमात असंही आहे, की फादरांच्या हाती दिलेलं दान, उलट काही दिसत नसेल तर, धर्मग्रामाचंच मानायचं. म्हणजे ते त्यांच्या खिशातलं नाही, खात्यातलं. मात्र हेतू कुणी सांगितलेलाच नसेल, तर ते छपरालाही लागू शकतं, विजेच्या बिलालाही.

तेव्हा खरा प्रश्न असा, की खिडकीचं कुणाला सांगितलं होतं? निधनवार्तेत ‘फुलांऐवजी चर्चला देणगी द्यावी’ एवढंच असेल, तर ज्यांनी पाकिटं दिली त्यांना खिडकीचा पत्ताच नव्हता. इथे एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. अशा वेळी देणगीदार कुटुंब नसतं. देणगीदार म्हणजे पाकीट देणारा प्रत्येक शेजारी, सहकारी, दूरचा नातेवाईक. त्यांनी कोणत्या शब्दांवर विश्वास ठेवून पैसे दिले, त्यावर धर्मग्राम बांधील असतो. निधनवार्तेत ‘खिडकीसाठी’ असा एक शब्द असता, तर छपराला त्यातला छदामही लावता आला नसता. म्हणूनच मी म्हणतो, की वार्ता बाहेर पडण्याआधी धर्मग्रामातल्या कुणीतरी घरच्यांना फोन करायला हवा. त्या दोन दिवसांत घरातल्या कुणाला हे सुचणार? सुचायला हवं ते ऑफिसला. तुमच्याकडे असा फोन आला नसेल तर तुमचा राग मला पटतो.

त्या फॉर्मवर मी तीनच प्रश्न ठेवीन. पैसे कशासाठी? पुरेसे जमले नाहीत तर काय करायचं? आणि उरले तर? तिसऱ्या प्रश्नावरून सर्वांत जास्त भांडणं होतात, कारण खिडकी बसते, काही रक्कम उरते, आणि ती वर्षानुवर्षं एका कोपऱ्यातल्या खात्यात पडून राहते. तिला हात लावायला सगळेच घाबरतात. हे तीन प्रश्न आधी विचारून घेणं मला निर्दयपणा वाटत नाही. वर्षभराने कुटुंबाला छपराकडे बघायला लावणं हा निर्दयपणा.

आता नाकारण्याबद्दल. रास्त कारणाशिवाय धर्मग्रामाला दिलेलं दान नाकारता येत नाही, आणि मोठ्या बाबतीत नाकारायलाही बिशपांची परवानगी लागते. अटींचं ओझं असलेलं दान स्वीकारायलाही लागते. त्यामुळे ‘नको’ ही कुणाची लहर असून चालत नाही. पण रीतसर स्वीकारलेली इच्छा मात्र, कलम १३०० प्रमाणे, अगदी काटेकोर पाळायची, पैशाचा कारभार कसा करायचा त्यासकट. इतकं पक्कं बंधन येणार असेल तर होकार देण्याआधी जरा थांबलेलंच बरं. कुणी चर्चमध्ये वाजवायचा मोठा ऑर्गन देऊ करतो. त्याची देखभाल कोण करणार, वाजवणार कोण? नवसाने दिलेली वस्तू तर पुढे विकायची झाली तर थेट रोमची परवानगी लागते.

स्मृतीसाठी लावायच्या नावांच्या पाट्यांबद्दल फार बोलत नाही. प्रत्येक बाकावर पितळी पाटी मला आवडत नाही. ज्यांना देता येत नाही त्यांचीही माणसं गेलेली असतात. स्मरणवही ठेवा, सगळ्यांची नावं लिहा. घरच्यांना देणगीदारांची नावं कळवा, आकडे नको.

मिस्सेचा टोला मात्र मान्य नाही. एखाद्या हेतूसाठी, म्हणजे कुणासाठी तरी प्रार्थना व्हावी म्हणून, मिस्सा सांगताना दिलेलं दान ही मिस्सेची किंमत नव्हे. व्यापाराचा नुसता भासही नको, असं कलम ९४७ सांगतं. दान मिळालं नसलं तरी गरजूंच्या हेतूने मिस्सा अर्पण करा, अशी धर्मगुरूंना कळकळीची शिफारस आहे. एका दिवसात दोन-तीन मिस्सा झाल्या तरी नाताळ सोडून फादर एकाच मिस्सेचं दान स्वतःकडे ठेवू शकतात. एका वर्षात पुऱ्या होणार नाहीत इतके हेतू स्वतःसाठी घ्यायचे नाहीत. हेतूंची वेगळी वही असते आणि ती दरवर्षी वरून तपासली जावी असा नियम आहे. सगळीकडे हे नीट होतं असा दावा मी करत नाही. नियम तरी तुमच्याच बाजूचा आहे.

‘हिशेब कोण देतं?’ असं तुम्ही विचारलंत. द्यायलाच हवा. प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती असणं सक्तीचं आहे, आणि लोकांनी दिलेल्या दानाचा हिशेब लोकांना द्यावा असं कलम १२८७ म्हणतं. कसा, ते धर्मप्रांत (बिशपांच्या अखत्यारीतला भाग) ठरवतो. वर्षाच्या हिशेबात स्मृती-देणग्या ‘इतर जमा’मध्ये ढकललेल्या दिसल्या, तर उठून विचारा.

तुमच्यापुरतं सांगायचं तर निधनवार्तेचं कात्रण, पावत्या आणि कुणाशी खिडकीचं बोलणं झालं असेल तर ते कधी व काय झालं, एवढं एका पत्रात लिहून आर्थिक समितीकडे द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेला हेतूही हेतूच असतो, फक्त दाखवता यायला हवा. काही देणगीदार ‘आम्ही खिडकीसाठीच दिले’ असं लिहून द्यायला तयार असतील तर पत्राला वजन येईल. समितीने टाळाटाळ केली तर त्याच पत्राची प्रत बिशपांच्या कार्यालयाकडे पाठवा.