वाङ्मय मंडळाच्या नव्या कार्यवाहांस निधीविषयक मार्गदर्शन

महाविद्यालयाच्या वाङ्मय मंडळाचे कार्यवाहपद तुमच्याकडे आल्याबद्दल अभिनंदन. काव्यवाचन, कथाकथन, भित्तिपत्रक या किरकोळ गोष्टी तुम्हांला हळूहळू जमतील. परंतु मंडळाचे मुख्य काम, म्हणजे विद्यार्थी निधीतून पैसे मागणे, हे कोणी शिकवत नाही. या विषयातील माझा अभ्यासक्रम नुकताच पूर्ण झाला आहे. मराठी भाषा गौरव दिनाच्या कार्यक्रमासाठी आम्ही डिसेंबरात अर्ज दिला, कार्यक्रम 27 फेब्रुवारीला केला, मंजुरीचे पत्र मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात हाती आले आणि बिलांची फाईल गेल्या आठवड्यात ‘मंजुरीच्या दिनांकापूर्वी केलेला खर्च, अमान्य’ असा शेरा घेऊन परत आली. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस मार्चच्या उत्तरार्धात नेण्याची तरतूद कोणत्याही परिपत्रकात सापडली नाही. ज्ञान दिल्याने वाढते असे म्हणतात, म्हणून मला मिळालेले तुमच्या स्वाधीन करीत आहे.

सर्वप्रथम, हा पैसा विद्यार्थ्यांचा आहे ही समजूत मनातून काढून टाका. प्रवेशाच्या वेळी मिळालेली शुल्काची पावती घरी कपाटात असेल, तर तिथेच असू द्या. तिच्यावर जिमखाना शुल्क, स्नेहसंमेलन शुल्क, नियतकालिक शुल्क, विद्यार्थी कल्याण निधी अशी शीर्षे ओळीने छापलेली असतात आणि ती वाचली की चांगल्या घरच्या मुलांनाही बेरीज करण्याचा मोह होतो. बेरीज एक वेळ चालेल, पण तिला पटावरील विद्यार्थिसंख्येने गुणू नका. गुणाकार करून आलेला विद्यार्थी लेखा विभागाच्या खिडकीपाशी जरा ताठ उभा राहतो, आणि खिडकीपलीकडच्या अनुभवी मंडळींना तो लांबूनच ओळखू येतो. तुमच्या उभे राहण्यातून तुम्ही काही मागायला आला आहात एवढेच दिसले पाहिजे.

अर्ज प्राचार्यांच्या नावाने लिहावा आणि तो प्राचार्यांना कधीही देऊ नये. योग्य मार्गाने जायचे असते. आमच्याकडे तो मार्ग मंडळाचे प्रमुख प्राध्यापक, सांस्कृतिक समितीचे समन्वयक, जिमखान्याचे उपाध्यक्ष आणि कार्यालयीन अधीक्षक अशा चार मुक्कामांवरून जातो, आणि प्रत्येक मुक्कामावर ‘आधी त्यांची सही आणा, मग मी करतो’ हे वाक्य ऐकू येते. सहीचे धनी जुलैत प्रवेशाच्या गडबडीत असतात, ऑक्टोबरात परीक्षेच्या, नोव्हेंबरात दिवाळीच्या आणि उरलेल्या काळात महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या. अर्जाच्या स्थळप्रतीवर आवक क्रमांक घेण्यास विसरू नये, हा माझा प्रामाणिक सल्ला आहे. क्रमांक मागितल्यास तुम्ही भांडखोर ठरता आणि न मागितल्यास तुमचा अर्ज जन्मालाच आलेला नसतो; यांपैकी कोणते दुःख सोसवेल, हे ज्याने त्याने ठरवावे.

अंदाजपत्रक करताना जेवढे लागते तेवढे मागू नका. मागणीच्या समोर निम्मा आकडा लिहिण्याची तेथे हाताला सवय आहे, त्यामुळे ज्याला साडेसात हजार लागतात आणि जो साडेसात हजारच मागतो, त्याला पावणेचार हजारांत भाषेचा गौरव करावा लागतो. जो पंधरा मागतो तो सुखी होतो. शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ यांना मात्र कात्री लागत नाही. पाहुण्यांचा प्रवासखर्च हा तुलनेने संशयास्पद प्रकार आहे. आमचे कवी संगमनेरहून एसटीने आले होते, आणि बिलासोबत मूळ तिकीट हवे म्हणून आम्ही ते त्यांच्याकडून परतही घेतले, एवढ्या ज्येष्ठ माणसाकडे तिकीट मागताना काय वाटले ते सोडून द्या. वाहकाच्या यंत्रातून निघणाऱ्या तिकिटावरचा मजकूर उन्हाने आणि हाताळण्याने उडतो, हे शास्त्र मला तेव्हा ठाऊक नव्हते. फाईल चार टेबले फिरून येईपर्यंत तिकिटाचा कोरा कागद झाला आणि त्यावर ‘अवाचनीय, ग्राह्य नाही’ असे लिहिले गेले. तुम्ही तिकिटाची छायाप्रत काढून ठेवा. छायाप्रत चालत नाही, पण आपल्यापाशी असावी.

यूपीआयने पैसे दिले असतील, तर स्क्रीनशॉट जपून ठेवा. तोही चालत नाही.

आता दरपत्रकांकडे वळू. हा विषय नाजूक आहे आणि त्यावर थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. कोणत्याही खर्चासाठी तीन दरपत्रके जोडावीत, असा आमच्या लेखा विभागाचा दंडक आहे. ध्वनिक्षेपक भाड्याने घ्यायचा असो, फलक छापायचा असो वा फाटकासमोरच्या टपरीवरून ऐंशी कप चहा आणायचा असो, तीन वेगवेगळ्या व्यावसायिकांची, छापील लेटरहेडवरची, शिक्का आणि सही असलेली दरपत्रके हवीत, त्यांचा तुलनात्मक तक्ता हवा, आणि सर्वांत कमी दराची शिफारस करणारी टिपणी हवी. आमच्या फाटकासमोर चहाची टपरी एकच आहे. तिच्या मालकांकडे लेटरहेड नाही, शिक्का नाही, आणि दहा रुपयांच्या चहाचा दर बंद पाकिटातून कळवण्याची त्यांची तयारीही नाही. मग काय करावे? काळजीचे कारण नाही. ध्वनिक्षेपकवाल्याच्या दुकानात गेलात की तो स्वतःहूनच विचारतो, ‘तीन ना?’ त्याच्या खणात त्याचे स्वतःचे लेटरहेड असते, मेव्हण्याचे असते आणि केव्हाच बंद पडलेल्या एखाद्या दुकानाचेही असते. पाच मिनिटांत तो तिन्हींवर वेगवेगळ्या शाईने, वेगवेगळ्या वळणाच्या अक्षरात दर लिहून देतो आणि मेव्हण्याचा दर दोनशे रुपयांनी जास्त ठेवायला विसरत नाही. त्याला हे ठाऊक असते, आपल्याला ठाऊक असते, सही करणाऱ्या प्राध्यापकांना ठाऊक असते आणि फाईल तपासणाऱ्या लेखापालांना तर कोणते लेटरहेड कोणाच्या खणातले हेही तोंडपाठ असते. म्हणजे भ्रष्टाचार होऊ नये म्हणून केलेल्या नियमाने अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांच्या हातून पहिला खोटा कागद तयार करून घेतला जातो, आणि तो व्यवस्थित लावला म्हणून शाबासकीही मिळते. केंद्र सरकारच्या 2017 च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत 25,000 रुपयांपर्यंतची वस्तू दरपत्रकांवाचून, अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर घेण्याची मुभा दिलेली होती. ते नियम आमच्या महाविद्यालयाला लागू नाहीत हे मान्य. परंतु भारत सरकारला जेवढा विश्वास आपल्या अधिकाऱ्यावर टाकावासा वाटला, तेवढा आमच्या कार्यालयाला 800 रुपयांच्या चहासाठी स्वतःच्याच प्राध्यापकावर टाकवत नाही, याला काटकसर म्हणायचे की काय म्हणायचे?

आणि दरपत्रकांच्या घाटातून गाडी वर आली की पुढे जीएसटीचा नाका असतो. टपरीच्या मालकांनी साध्या कागदावर, सही करून, 800 रुपये मिळाल्याची पावती दिली होती. ती ‘जीएसटी क्रमांक नाही’ म्हणून परत आली. ज्याची सेवा पुरवण्याची वार्षिक उलाढाल 20 लाखांपर्यंत आहे, त्याच्यावर या कायद्याखाली नोंदणीची सक्ती नाही, हे मी खिडकीपाशी अत्यंत नम्रपणे सांगितले. ‘तुम्ही आम्हांला कायदा शिकवणार का?’ असे उत्तर मिळाले. त्यानंतर पावतीवर महसूल तिकीट नसल्याचे कोणाच्या तरी लक्षात आले. पावतीवर एक रुपयाचे महसूल तिकीट लागते ते रक्कम 5,000 रुपयांहून अधिक असेल तेव्हा. ही मर्यादा पूर्वी 500 रुपये होती आणि 2004 मध्ये वाढली, म्हणजे आज खिडकीच्या अलीकडे उभे राहणाऱ्या बहुतेकांच्या जन्माच्या आधी किंवा आसपास. तरीही मी पोस्टात जाऊन तिकीट आणले, चिकटवले, त्यावर टपरीच्या मालकांची पुन्हा सही घेतली, आणि मग त्याच पावतीवर तोच जीएसटीचा शेरा दुसऱ्यांदा घेतला. आठशे रुपयांसाठी! ज्या स्नेहसंमेलनाच्या रंगमंचावर धुराची यंत्रे चालली आणि ज्याच्या प्रकाशयोजनेचा भाडेकरार कोणी पाहिला नाही, त्याची बिले मात्र त्याच खिडकीतून आठवड्याच्या आत कशी पार झाली, त्यांना किती दरपत्रके जोडली होती आणि ती कोणाच्या खणातून निघाली होती, हे मी विचारले तेव्हा ‘तो विषय वेगळा आहे’ असे सांगण्यात आले.

विषय वेगळा नाही. पण मी मार्गदर्शन करतो आहे, तेव्हा पुढे जाऊ.

चहाला अर्जात ‘अल्पोपाहार’ म्हणावे.

फलकावर संस्थेच्या पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे घालावीत, म्हणजे फलकाचे बिल त्याच दिवशी मंजूर होते. मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला, तेव्हा अभिनंदनाचा असा भव्य फलक आमच्या दर्शनी भिंतीवर दुसऱ्या दिवशी सकाळी झळकला होता, आणि त्यासाठी योग्य मार्गाने अर्ज कोणी व केव्हा दिला, याचा शोध मला आजवर लागलेला नाही.

एवढे करूनही काम अडल्यास विद्यार्थी परिषदेकडे दाद मागावी. महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या 1994 च्या कायद्याने थेट निवडणुकांच्या जागी गुणांच्या आधारे वर्गप्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली; 1 मार्च 2017 पासून लागू झालेल्या 2016 च्या कायद्याने थेट निवडणुकांची तरतूद पुन्हा केली; 2019 मध्ये त्यांचे वेळापत्रकही निघाले आणि नंतर पुढे ढकलले गेले. आमच्या महाविद्यालयात मी अद्याप मतपेटी पाहिलेली नाही. आमचे विद्यार्थी सचिव नेमलेले आहेत. ते सज्जन आहेत, हुशार आहेत, आणि प्रमुख पाहुण्यांच्या सत्कारप्रसंगी तबक धरून उभे असतात. निधीवाटपाची बैठक झाली हे त्यांना बैठकीनंतर समजते. मी त्यांच्याकडे तक्रार घेऊन गेलो तेव्हा त्यांनी मला अतिशय आपुलकीने सांगितले की, त्यांच्या स्वतःच्या नाट्यमंडळाचे बिलही अडकले आहे.

शेवटची सूचना कार्यक्रमाच्या छायाचित्रांविषयी. ती जिओ-टॅग असलेलीच काढावीत, त्यांत स्थळ, दिनांक आणि वेळ स्पष्ट दिसावी, सोबत उपस्थितांच्या सह्यांची यादी आणि दोन पानी अहवाल असावा. ही सामग्री निधीसाठी लागत नाही. ती नॅकच्या श्रेणीसाठी कागद जमवणाऱ्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाला लागते. आमच्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आत ती पाठवावी, असा निरोप आला आणि आम्ही ती पाठवली. त्या छायाचित्रांसह आमचा कार्यक्रम वार्षिक अहवालात ‘महाविद्यालयाने राबवलेला उपक्रम’ म्हणून सन्मानाने दाखल झाला आहे. म्हणजे श्रेणीसाठी हा कार्यक्रम 27 फेब्रुवारीला झाला, आणि पैसे देण्याची वेळ आली की तो मंजुरीशिवाय झाला, म्हणून तो झालाच नाही. एकाच कार्यालयाच्या एकाच मजल्यावर, शेजारशेजारच्या दोन कपाटांत या दोन फायली उभ्या आहेत.

येथे माझा विनोद संपला. लेखा विभागातील महोदयांनो, तुमच्या हाती असलेला पैसा तुमचा नाही, संस्थेचा नाही आणि तो तुम्ही आम्हांला दान देत नाही. आमच्या आईवडिलांनी तो शुल्काच्या पावतीवर, शीर्षाचे नाव वाचून भरला आहे. कार्यक्रमाच्या आधी मंजुरी देणे हे तुमचे काम होते आणि डिसेंबरापासून मार्चपर्यंत ते तुम्ही केले नाही. तुमच्या उशिराची किंमत एका विद्यार्थिनीने स्वतःच्या मेसच्या पैशांतून भरली आहे, आणि ती परत मागायला गेली की तिलाच नियम वाचून दाखवता. प्राध्यापकहो, तुम्हांला हे सर्व ठाऊक आहे. कर्मचारी खोलीत तुम्ही आमच्याहून कडवट बोलता आणि खिडकीपाशी आलात की ‘प्रक्रिया समजून घ्या’ म्हणता. सही करताना एकदा तरी ‘हा खर्च योग्य आहे, द्या’ एवढे लिहून पाहा. आणि सहविद्यार्थ्यांनो, तुम्ही मंडळे चालवता, नाटके बसवता, रात्र रात्र तालमी करता आणि बिल अडकले की आपसांत वर्गणी काढून गप्प बसता. तुमची वर्गणी जमली की त्यांचा प्रश्न सुटतो. यंदा तरी वर्गणी काढू नका.

विद्यार्थी निवडणुकांसाठी लिंगडोह समितीने केलेल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये लागू केलेल्या शिफारशींत उमेदवाराच्या खर्चाला 5,000 रुपयांची मर्यादा आहे. त्या खर्चाचे लेखापरीक्षित हिशेब त्याने निकालानंतर दोन आठवड्यांत द्यायचे आणि महाविद्यालयाने ते दोन दिवसांत प्रसिद्ध करायचे, असे त्यांत म्हटले आहे. निवडणूक लढवणाऱ्या विद्यार्थ्याचे पाच हजार जर फलकावर लागायला हवेत, तर संपूर्ण महाविद्यालयाच्या जिमखाना शुल्काचा हिशेब का नको? आमचे महाविद्यालय अनुदानित आहे आणि माहितीच्या अधिकाराचा 2005 चा कायदा त्याला लागू आहे. अर्जाचे शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस, आणि राज्याच्या नियमाप्रमाणे दीडशे शब्दांची मर्यादा. माझा अर्ज त्याहून बराच लहान झाला आहे. गेल्या तीन आर्थिक वर्षांत प्रत्येक शीर्षाखाली किती रक्कम जमली, त्यांपैकी स्नेहसंमेलनावर किती आणि मंडळांवर किती खर्च झाली, 31 मार्चला किती शिल्लक राहिली आणि ती शिल्लक पुढे कोणत्या खात्यात गेली, एवढेच त्यात विचारले आहे. उत्तरात ‘सर्व खर्च नियमानुसार’ असे लिहू नये. आकडे लिहावेत.