वसंत वरून पडतो

पंचांगात माघ-फाल्गुन म्हणजे शिशिर आणि चैत्र-वैशाख म्हणजे वसंत. शिशिरात पानगळ, वसंतात मोहोर, अशी कामांची रीतसर वाटणी करून दिलेली आहे. गोव्यातली झाडं मात्र पंचांग बघत नाहीत. आमच्या डिचोली तालुक्यातल्या घराच्या परसात फाल्गुन लागला की फणस पानं टाकतो, आंबा मोहोर टाकतो, माड चुडतं म्हणजे झावळ्या टाकतो, काजू बोंडं टाकतो, आणि हे सगळं उचलायला खाली मी असतो. कवी म्हणतात वसंत येतो, फुलतो, बहरतो. ते बहुधा फ्लॅटमध्ये राहत असावेत. परसू असलेल्या माणसाला विचारा. वसंत वरून पडतो.

त्यात फाल्गुन म्हणजे शिगमो, आमचा गोव्याचा शिमगा. होळी झाली की गावातला मेळ, म्हणजे नाचणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा जथा, ढोल, ताशे, कासाळी (मोठ्या झांजा) घेऊन घरोघर अंगणात नाचायला येतो. म्हणजे अंगण झाडलेलं हवं, सारवलेलं हवं, तुळशीपुढे रांगोळी हवी. यंदा मेळ आमच्याकडे रविवारी संध्याकाळी येणार अशी वर्दी आली. शनिवारी रात्री ताटात भात वाढताना आई म्हणाली, "उद्या तुला सुट्टीच ना रे?"

हा प्रश्न नव्हता, हे घरातल्या मांजरालाही कळलं.

सकाळी उठलो तर अंगणाच्या आधी वाकळींचा मोर्चा आडवा आला. आता गोव्याची थंडी म्हणजे काय, पारा पहाटे विसाच्या आसपास उतरला की आम्ही कानटोप्या शोधतो आणि पुण्याहून आलेले पाहुणे आम्हाला हसतात. पण वाकळी बाहेर निघतात हे खरं, आणि निघाल्या की फाल्गुनात धुऊन पुन्हा माळ्यावर जातात हेही खरं. आमच्या वाकळी आजीच्या नऊवारी लुगड्यांच्या आहेत. लुगड्यावर लुगडं, त्यावर लुगडं. वॉशिंग मशीनवर सहा किलो असं लिहिलेलं असतं ते कोरड्या कपड्यांचं वजन असतं आणि त्यात लुगड्यांचं ऐतिहासिक महत्त्व धरलेलं नसतं. म्हणून विहिरीजवळचा धोंडा. भिजलेली वाकळ उचलणं म्हणजे झोपलेल्या रेड्याला कडेवर घेणं.

खरी कसोटी पिळताना. एक टोक माझ्याकडे, एक बायकोकडे. ती म्हणाली, "उजवीकडे पिळा."

"माझ्या उजवीकडे की तुझ्या?"

"उजवीकडे म्हणजे उजवीकडे. त्यात माझं-तुमचं काय?"

मी तिचं उजवं धरलं, कारण संसारात तोच शहाणपणा मानला जातो. तिने स्वतःचं उजवं धरलं. त्यामुळे वाकळ पिळली न जाता नुसतीच आमच्या दोघांच्या मधे गोल गोल फिरत राहिली. पाण्याचा एक थेंब गळेना. नववीत असलेली आमची कन्या पायरीवर बसून दात घासत हे बघत होती. तोंडातला फेस सांभाळत ती म्हणाली, "बाबा, समोरासमोर उभे असताना दोघांनी आपापल्या उजवीकडे फिरवलं तरच पीळ बसतो." शिक्षणावर केलेला खर्च असा भलत्या वेळी वसूल होतो. आम्ही आपापल्या उजवीकडे फिरवलं आणि लुगड्यांतलं सगळं पाणी माझ्या पायावर आलं.

वाळत घालायची दोरी आंब्यापासून फणसापर्यंत. आंबा मोहोरला की सगळे वर बघून "यंदा मानकुराद चांगला दिसतोय हां" म्हणतात. खाली कोणी बघत नाही. मोहोरावर तुडतुडे बसतात, रस शोषतात आणि शोषलेल्यातलं जास्तीचं गोड पाणी खाली सोडतात. ते पानांवर, दोरीवर, वाकळीवर चिकट होऊन बसतं आणि नंतर त्यावर काळी बुरशी धरते. म्हणजे आजीची वाकळ मी धोंड्यावर आपटून स्वच्छ केली ती तुडतुड्यांना थुंकदाणी मिळावी म्हणून.

आणि दोरीवरून हुमले चालतात. लाल मुंग्यांच्या या जातीबद्दल मला आदर आहे. आपल्याच अळ्यांच्या रेशमाने जिवंत पानं शिवून घर बांधणारा प्राणी सोपा नव्हे. पण हा प्राणी दोन्ही हात वर करून चिमटा लावणाऱ्या माणसाच्या बगलेकडे चालू लागला की आदर टिकवणं अवघड जातं. तो नुसता चावत नाही. चावून वर त्या जखमेत आम्ल फवारतो. मी तिथे जे केलं ते शेजारच्या भाईंनी कुंपणापलीकडून पाहिलं आणि विचारलं, "काय, शिगम्याची तालीम?"

अंगणाकडे वळेपर्यंत ऊन चढलं होतं. पळसाला पानं तीनच, असं आपण जन्मभर ऐकतो. फणसाला किती असतात हे सांगणारी म्हण कोणी केली नाही, कारण मोजायला बसलेला माणूस अजून उठलेला नसावा. फणसाचं पान जाड, चामड्यासारखं, एका बाजूने गुळगुळीत. खराट्याने ओढलं तर निम्मी पुढे जातात आणि निम्मी हिरांमधून निसटून मागे. त्यात मधे मधे काळे पडलेले छोटे बोंडुकले. फणसाला नर आणि मादी फुलोरे एकाच झाडावर वेगवेगळे येतात. मादीचा फणस होतो. नर आपलं काम झालं की काळा पडून खाली गळतो आणि झाडून उकिरड्यावर जातो. आईने ही माहिती मला खराटा मारता मारता दिली. त्यातून काय घ्यायचं ते मी मुद्दाम घेतलं नाही.

आजोबांच्या काळी यातल्या बऱ्याच पानांना काम होतं. फणसाचं पान दुमडून, हीर टोचून चमचा व्हायचा आणि त्याने पेज प्यायली जायची. गुरं होती, गोठ्यात पानं जायची, तिथून खतात. आता पेज स्टीलच्या चमच्याने आणि तीही डॉक्टरने सांगितली तरच. झाडांना मात्र ही बातमी कोणी कळवलेली नाही. ती पूर्वीच्या हिशेबानेच पुरवठा करतात.

अंगण अर्धं लखलखीत झालं आणि फाटकाशी सायकल वाजली. पाडेली! ज्या माणसाला मी दिवाळीनंतर कधीतरी सांगितलं होतं, जो भेटेल तिथे "फाल्यां येता", उद्या येतो, म्हणत होता, तो नेमका आज, झाडून झाल्यावर. पण पाडेलीला परत पाठवायची हिंमत गोव्यात कोणात नाही. नारळ पाडणारी माणसं आता तालुक्यात शोधावी लागतात आणि आमच्या एका माडाचं सुकलेलं चुडत बरोबर तुळशीच्या वर लोंबत होतं. मेळातल्या ढोलवाल्याच्या डोक्यावर ते उतरलं असतं तर पुढच्या वर्षी मेळ आला नसता.

"भाटकारा, सुरू करूं?" तो म्हणाला. भाट म्हणजे बागायत आणि भाटकार म्हणजे तिचा धनी. आमचे माड चार. एवढ्या भांडवलावर ही पदवी घेताना मला जरा संकोच होतो, पण मजुरी सांगताना तो करत नाही, म्हणून मीही सोडून दिलंय.

पायात दोरीचा फास अडकवून तो बघता बघता वर गेला. मी खाली. त्याने वरून हाक दिली, "भाटकारा, थंय रावूं नाका!" मी चार पावलं सरलो. "थंय लेगीत रावूं नाका!" मी न्हाणीच्या पत्र्याखाली गेलो. तिथून पाहिलं. आधी नारळ, धप्प, धप्प, जमिनीला खळगे पाडत. मग पोयीची, म्हणजे माडाच्या फुलोऱ्याची, सुकी आवरणं. मग चुडतं, प्रत्येक माझ्या तिप्पट लांबीचं, हवेत सावकाश वळण घेत, मी नुकत्याच झाडलेल्या भागाचा मध्य अचूक साधत. वर पोचल्यावर त्याला फोन आला. शेंड्याला टेकून तो निवांत बोलला. रेंज तिथे चांगली येते म्हणे. आमच्या हॉलमध्ये येत नाही.

माड साधारण महिन्याला एक नवं चुडत काढतो आणि एक जुनं टाकतो. चार माड, म्हणजे वर्षाकाठी अठ्ठेचाळीसच्या आसपास, म्हणजे आठवड्याला एक. हा हिशेब मी न्हाणीच्या पत्र्याखाली केला आणि तिथेच थोडा वेळ बसलो. आईने तोवर एक चुडत ओढून घेतलं, सुरी घेतली आणि हीर सोलायला बसली. नवा खराटा बांधायला. माडाने घाण करायची आणि ती काढायचं हत्यारही माडानेच पुरवायचं.

दुपारी काका आले. मदतीला, असं त्यांनी फाटकातूनच जाहीर केलं. हातात रिकामी बादली होती. परसाच्या टोकाला काजूची झाडं आहेत आणि खाली बोंडांचा सडा. तिथलाही केर काढायचा होताच. काकांनी बोंडाची बी पिरगळून एका बाजूला, बोंड बादलीत, इतक्या तन्मयतेने काम केलं की माझा ऊर भरून आला. बादली भरली आणि मदत संपली. बोंडं जाणार त्यांच्या मित्राच्या भाटीवर. तिथे ती तुडवायची, रस आंबवायचा आणि पहिल्या धारेचा हुर्राक काढायचा. तो पुन्हा गाळला की फेणी. फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे काका घरच्या माणसाला पद्म पुरस्कार मिळाल्याच्या थाटात सांगतात. हुर्राक टिकत नाही, म्हणून तो हंगामातच संपवावा लागतो, हे कर्तव्यही ते कोणावर ढकलत नाहीत. जाताना त्यांनी पानांच्या ढिगाकडे बघून सल्ला दिला. "काडी लाव. पाच मिनिटांत काम."

या ढिगावरून घरात तीन पक्ष आहेत. आईला तो जाळून राख हवी, भाजीच्या वाफ्याला. बायकोला खतखड्डा हवा. मुलगी म्हणते धूर झाला तर ती पंचायतीत तक्रार करेल, आपल्याच घराविरुद्ध. मी खड्ड्याच्या बाजूने मत दिलं, कारण खड्डा गेल्या वर्षीच खणून तयार होता. उघडून पाहिलं तर गेल्या वर्षीची फणसाची पानं आत जशीच्या तशी. एकदोन तर ओळखीची वाटली.

मग शेण. ज्यांना वाटतं गावात शेण मुबलक, त्यांनी गावात येऊन बघावं. गायी उरल्या दोन घरांत आणि शिगम्याला सारवायचं सगळ्यांना. शेणासाठी शब्द टाकावा लागतो. आईने तो महाशिवरात्रीलाच टाकून ठेवला होता. शेजारच्या भाईंनी अंगणाला पेव्हर घातलेत. ते पाइप लावून पाच मिनिटांत मोकळे होतात आणि कुंपणाशी येऊन उभे राहतात. बायकोने त्या पेव्हरकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. पानं त्यांच्याकडेही पडतातच. फक्त ती महाग लादीवर पडतात.

तुळशीभोवतीचं सारवण हाताने, बाकीचं जुन्या केरसुणीने, मागे मागे सरकत. आईच्या हाताचे अर्धगोल एकमेकांत असे मिसळतात की सुरुवात कुठली कळत नाही. माझ्या अर्धगोलांची सुरुवात, शेवट आणि मधली माघार, सगळं स्वच्छ दिसतं. "रांगोळीने झाकेल," आई म्हणाली. एवढ्यात ओल्या सारवणावर फणसाचं एक पान सावकाश उतरलं आणि बसलं. मी वाकलो. "काढू नको! पोपडा येईल." दुसरं उतरलं. मग आंब्याचा थोडा मोहोर. मग भाईंच्या कोंबड्या, ज्यांना पेव्हरवर उकरायला काही मिळत नाही. संध्याकाळपर्यंत कडक उन्हात सगळं वाळून पक्कं झालं. पानं, मोहोर, कोंबड्यांच्या पायांची नक्षी, सगळं आत. मुलगी म्हणाली, "छान दिसतंय. जीवाश्मासारखं."

मेळ दिवेलागणीनंतर आला. "ओस्सय! ओस्सय!" कासाळ्यांनी कान बधिर झाले. पन्नासेक पाय माझ्या सारवणावर नाचले आणि ते पोपडे, जे न यावेत म्हणून मी दुपारी श्वास रोखून धरला होता, ते एका फेरीत उठले. मी तिथे उभा राहून टाळ्या वाजवत होतो. वाजवाव्या लागतात. आईने ताटात दिवा, नारळ आणि पैसे ठेवून पुढे केले. ढोल थांबले. मेळाच्या म्होरक्याने हात जोडून गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा... ह्या घराक सुख दी..."

"व्हय म्हाराजा!" सगळे.

"लेकरां-बाळांक आयुष्य दी..."

"व्हय म्हाराजा!"

"झाडा-माडांक भर येवं दी. आंबो, फणस, काजू, माड, दरवर्सा दुप्पट होवं दी..."

सगळं अंगण ओरडलं. मी गप्प होतो. आईने कोपर मारलं.

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो.