गूळ कधी झाला?

आत्ताच घरी आलेय. डोकं तापलंय म्हणून जेवायच्या आधीच लिहायला बसले. जेवल्यावर मी मवाळ होते, माझं मलाच माहीत आहे.

मैत्रिणीकडे दोन पास होते, चिंतनाच्या कार्यक्रमाचे. हॉल गच्च. स्टेजवर समई, वक्ते पांढऱ्या झब्ब्यात, मागं बारीक आवाजात बासरी. पहिल्या दहा मिनिटांत वाक्य पडलं, "थांबलेलं पाणीच खरं वाहत असतं." हॉलभर आहाहा. शेजारच्या बाईंनी ते मोबाईलमध्ये उतरवूनसुद्धा घेतलं.

अहो, हे कोल्हापूर आहे! २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात पाणी थांबलं होतं. थांबलेलं पाणी काय करतं ते आम्हाला विचारा. गाद्या कुजतात, ज्वारीला वास सुटतो आणि पाणी गेल्यावरही भिंतीवर त्याची रेघ राहते. रंग दिला तरी पावसाळ्यात परत वर येते.

मी मनातल्या मनात ते वाक्य उलटं करून बघितलं. "वाहणारं पाणीच खरं थांबलेलं असतं." तरी आहाहाच! म्हणजे शून्य, मौन, आकाश, स्वतःचा शोध, सगळं भडंग कालवल्यासारखं कालवायचं, वरून बासरी भुरभुरायची आणि द्यायचं. कॅनडातल्या काही संशोधकांनी २०१५ मध्ये हेच करून बघितलं होतं. कॉम्प्युटरनं भारी भारी शब्द जुळवून केलेली, अर्थ नसलेली वाक्यं लोकांना दाखवली आणि बऱ्याच जणांना ती खोल वाटली. मला त्यासाठी कॅनडाची गरज नव्हती, आमच्या सोसायटीचा ग्रुप पुरेसा आहे.

(हो, मागच्या वर्षी माझ्याही स्टेटसला तसलंच एक वाक्य होतं. चंद्र पण होता. कुणी स्क्रीनशॉट ठेवला असेल तर त्यानं गप बसावं.)

पण राग वाक्याचा नाही आला. राग नंतर आला.

शेवटी प्रश्नोत्तरं होती. तिसऱ्या रांगेतले एक काका उठले. सत्तरीचे असतील. माईक धरायची सवय नाही, त्यामुळं अर्धं ऐकूच येईना. म्हणाले, "मंडळी गेली त्याला वर्ष झालं. तिच्या मोबाईलचा रिचार्ज मी अजून मारतोय. पोरं म्हणतात, आता बंद करा. तर तो बंद कधी करायचा असतो?"

हॉल एका क्षणात गार. बासरीवाल्यालासुद्धा कळलं, तो थांबला.

आणि वक्ते काय म्हणाले? डोळे मिटले, हसले आणि म्हणाले, "फार खोल प्रश्न. काका, आठवणींना व्हॅलिडिटी नसते." टाळ्या! काका बसले. पुढचा प्रश्न, ध्यान सकाळी करावं की संध्याकाळी.

माणसानं पोटातलं काढून हातावर ठेवलं आणि ह्यांनी त्याचा स्टेटस केला.

मला तिथं बसल्या बसल्या आबा आठवले. माझ्या मामाच्या गुऱ्हाळावरचे गुळवे. मी अकरावी सायन्सला होते, दिवाळीनंतर मामाकडं गेलेले. रात्रीचं गुऱ्हाळ ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. चुलवाणात चिपाडाचा जाळ, काहिलीत रस उसळतोय, भेंडीच्या चिकट पाण्यानं वर आलेली मळी काढून झालेली आणि सगळ्या शिवारात तो गोड धुराचा वास. आबा काहिलीच्या कडेला उभे. मधूनच थेंबभर पाक गार पाण्यात टाकायचे, बोटांत गोळी करून बघायचे, परत टाकून द्यायचे.

मी नुकतीच शहाणी झालेली. म्हटलं, "आबा, कशाला बोटं भाजून घेताय? थर्मामीटर लावा. ११८ डिग्रीला गूळ होतो, पुस्तकात आहे." (मी तेव्हा पोरांसारखं 'मी सांगतो' असंच म्हणायचे. कोल्हापूरच्या पोरी आम्ही, पुण्यात गेल्यावर सुधारलो.)

आबांनी काहिलीवरची नजर न काढता विचारलं, "आनि एकशेसतराला काय असतंय?"

"काकवी असेल."

"मग सतरा आनि अठराच्या मधी? मगाशी ह्यो रस हुता, आता घटकाभरानं गूळ हुईल. मला सांग पोरी, गूळ नेमका कवा झाला?"

मी गप्प. आजही गप्पच आहे.

लग्नानंतर ही गोष्ट मी दिराला सांगितली. तो तत्त्वज्ञान शिकवतो. खूश झाला. म्हणाला, "वहिनी, हा तर युबुलिडीसचा प्रश्न." इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला ग्रीक माणूस. धान्याच्या राशीतला एक दाणा काढला तर रास राहते. अजून एक काढला तरी राहतेच. मग कुठला दाणा काढल्यावर ती रास उरत नाही? आणि आपल्याकडं नागसेन भिक्षूनं मिलिंद राजाला तसंच पेचात पकडलं होतं. रथातून आलास ना, मग सांग, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही नाही म्हणत गेला.

दिरानं ह्यावर तासभर घेतला. चांगलाच बोलला. पण मला एक गोष्ट तेव्हाच खटकली. त्याला तो प्रश्न वर्गात भेटला होता. आबांना काहिलीच्या कडेला भेटला होता, जिथं चार-दोन मिनिटं इकडं तिकडं झाली की अख्खी काहिल वाया. ग्रीस कुठं आहे हे आबांना माहीत नव्हतं.

म्हणून मला वाटतं, प्रश्न खोल आहे का हे बघायचं असेल तर विचारणाऱ्याचं त्यात काय अडकलंय ते बघा. अवघड असणं वेगळं. अवघड प्रश्न केबीसीतपण असतात. आणि शब्द तर अगदी साधे असतात हो. 'कधी?' एवढाच शब्द होता आबांचा. काकांचापण तोच.

ह्यावर दीर म्हणेल, शुद्ध जिज्ञासा पण असते वहिनी, ज्यात कुणाचंच काही अडकलेलं नसतं. असते बाबा. आणि नील्स बोर म्हणायचा की खोल सत्याच्या उलटपण एक खोल सत्य असू शकतं, म्हणजे माझी वाक्य उलटं करायची ट्रिक गेली. जाऊ दे. बोरनं अणू उलगडला होता, त्याला माफ. झब्बेवाल्यांना नाही.

पुराच्या वेळी आम्ही सगळे पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीचे आकडे बघत बसतो. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. आता ४२ फूट ११ इंचाला काय पंचगंगा झोपलेली असते? कुणीतरी रेघ मारली, कारण मारावीच लागते. पण आमच्या घरात २०१९ ला त्या रेघेवरनं भांडण झालं. सासरे म्हणाले, अजून धोका नाही, तिजोरी खालीच राहू दे. मी म्हटलं, आत्ता वर न्या. त्या रात्री जिन्यात उभं राहून मला आबांचा प्रश्न असा काही कळला की बस. पाणी 'आलं' कधी? पहिल्या पायरीला, की आम्ही मान्य केलं तेव्हा?

काही प्रश्न तर बोलूनही विचारावे लागत नाहीत. तेव्हा अस्पृश्य ठरवलेल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलासमोर शाहू महाराजांनी गाडी थांबवली आणि चहा घेतला. बरोबरच्या वरच्या जातीच्या मंडळींच्या हातातपण कप. बोला आता! शंभर वर्षं झाली, तो कप अजून आपल्यातल्या कित्येकांच्या घशाखाली उतरलेला नाही. ह्यावर इथं कमेंटमध्ये वाद घालू नका, मी उत्तर देणार नाही.

भात लावलाय, कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या. राग उतरतोय बहुतेक.

आबांचं अर्धंच सांगितलं मी. त्या रात्री मी त्यांना उलट विचारलं होतं, "तुम्हीच सांगा मग, कधी होतो?" त्यांनी परत एक थेंब पाण्यात टाकला, गोळी केली, भांड्याच्या कडेवर टकटक वाजवून बघितली आणि एकदम ओरडले, "वढा!" चौघांनी काहिल ओढली, पाक वाफ्यात ओतला. मग कपाळ पुसत म्हणाले, "आता झाला. मी वढा म्हनलो तवा झाला."

"आणि चुकलं तर?"

"तर चुकलं. पर कुनीतरी म्हनाय तर पायजे."

ह्याला दीर काय म्हणतो ते मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

कार्यक्रम सुटल्यावर पार्किंगमध्ये ते काका दिसले. स्कूटर स्टँडवरनं निघत नव्हती, मी मागनं धरली. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "काका, रिचार्ज किती दिवसांचा मारता?"

"८४ दिवसांचा. अजून १९ राहिलेत."

मला आबांचं सांगावंसं वाटलं. अगदी ओठावर आलं होतं. पण मग ते मीही स्टेजवरच चढल्यासारखं झालं असतं, म्हणून गप्प बसले. त्यांनीच खिशातनं आपला मोबाईल काढला, एक नंबर लावला आणि माझ्याकडं धरला. रिंग वाजत होती.

"फडताळात आहे," म्हणाले. "निघताना चार्जिंगला लावूनच आलोय."