‘टाकी उंचावर ठेवा, पंप कशाला?’ : व्हॅन अर्धीच का भरते

ब्रिटनमध्ये लांब दांड्याच्या ब्रशने, शुद्ध पाणी सोडत खिडक्या धुणाऱ्यांमध्ये एक सल्ला कायम फिरत असतो. तो थोडक्यात असा : घरामागची हजार लिटरची आयबीसी टाकी (पिंजऱ्यात बसवलेली प्लास्टिकची चौकोनी टाकी) दोन थर ब्लॉकांवर चढवा, बागेची अर्धा इंची नळी व्हॅनमधल्या टाकीत सोडा आणि झोपा. सकाळी टाकी भरलेली. पंप नको, वीज नको. आणि पाणी शुद्धच आहे, तेव्हा नळी नि जोड कुठलेही चालतात.

नव्याने या धंद्यात उतरणाऱ्या मराठी माणसाला हे लगेच पटतं. गच्चीवरच्या टाकीचं पाणी आपोआप नळाला येतं हे लहानपणापासून पाहिलेलं असतं. पण त्या टाकीला तीन मजल्यांची उंची असते, इथे जेमतेम हातभर.

‘उंचावर ठेवली की पाणी आपोआप जातं’

जातं, पण दोन्ही टाक्यांतली पातळी सारखी झाली की थांबतं. हिशेब करून पाहा. आयबीसी भरलेली असली की पाण्याची पातळी जमिनीपासून साधारण १.१ मीटर असते, आणि दर १०० लिटरमागे ती सुमारे १० सेंटिमीटर उतरते. व्हॅनचा तळ जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर धरा. त्यावर ४०० लिटरची, ६० सेंटिमीटर उंच टाकी. तिच्यात दर १०० लिटरला पातळी १५ सेंटिमीटर चढते. आयबीसी जमिनीवरच ठेवली तर २०० लिटरला दोन्हीकडची पातळी ९० सेंटिमीटरवर येते आणि प्रवाह बंद. रात्रभर थांबलात तरी अर्धीच टाकी.

दोन थर ब्लॉक, म्हणजे ४३ सेंटिमीटर. आता ३७० लिटर जातात. सल्ला देणारे हाच आकडा सांगतात आणि त्यात खोटं काही नाही. फक्त हा आकडा काठोकाठ भरलेल्या आयबीसीचा आहे. मध्ये आरओने (पाण्यातले क्षार गाळणाऱ्या यंत्राने) शुद्ध पाणी बनवून ती पुन्हा भरली नाही, तर दुसऱ्या रात्री २२५ लिटरसुद्धा मिळत नाहीत. खालचा मोठा साठा व्हॅनच्या दृष्टीने मेलेला. सगळं पाणी उतरायला हवं असेल तर आयबीसीचा खालचा व्हॉल्व्हच १.२ मीटरच्या वर न्यावा लागेल, आणि त्यावर पाण्यासकट एक टनाहून जास्त वजन. चुन्या-सिमेंटशिवाय रचलेल्या ब्लॉकांवर, ओल्या मातीच्या अंगणात हे करू नये. एक कोपरा खचला की पिंजरा कलतो, आणि कललेला टन कुणाच्या हाताने सावरत नाही.

शिवाय टाकी खरोखर तेवढी उंच नेली, तर दुसरी पंचाईत : पाणी आता स्वतःहून थांबत नाही. व्हॅनची टाकी भरली की उरलेलं सगळं गाडीत. फ्लोट व्हॉल्व्ह (टाकी भरली की तरंगत्या गोळ्याने बंद होणारा) लावता येतो, पण घरगुती टाकीचा नेहमीचा व्हॉल्व्ह मेन लाइनच्या दाबासाठी असतो. त्याचं भोक बारीक असल्यामुळे इतक्या कमी दाबाला धार नुसती ठिबकते. कमी दाबाचा, मोठ्या भोकाचा मागून घ्यावा लागतो.

‘वेळ लागला तर लागला’

रात्रीपुरतं हे मान्य. १५ मीटर लांबीच्या अर्धा इंची नळीतून ९० सेंटिमीटरच्या फरकाला सुरुवातीला मिनिटाला ५ लिटर येतात. पातळी जुळत जाते तशी धार मंदावते, म्हणून ३७० लिटरला अडीच-तीन तास लागतात. दुपारी पुन्हा भरायची वेळ आली की मात्र तो दिवस गेलाच. नळी व्हॅनच्या दारावरून वर जाऊन खाली उतरत असेल, तर त्या उंचवट्यावर हवा अडकते आणि एवढ्या कमी दाबाला ती ढकलली जात नाही. बरेचदा ‘टाकी भरलीच नाही’ यामागे एवढंच असतं.

खरा फरक पडतो नळीच्या व्यासाने. आतला व्यास दुप्पट केला की त्याच दाबाला पाणी सुमारे सहापट येतं. अर्ध्याऐवजी एक इंची नळी घेणं हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त उपाय, पंप असो वा नसो.

‘पंप म्हणजे खर्च’

बागकामाच्या दुकानातला ४०० वॅटचा सबमर्सिबल पंप पुरतो. खोक्यावर ताशी ७,५०० लिटर लिहिलेलं असेल, तर तो आकडा शून्य उंचीचा, नळी न जोडता मोजलेला. दहा मीटर एक इंची नळीतून व्हॅनच्या उंचीला मिनिटाला ५० लिटरच्या आसपास मिळतात, म्हणजे ४०० लिटरला आठेक मिनिटं. त्याच पंपाला अर्धा इंची नळी लावली की १५-१६ लिटर. वीज एका भरण्याला एक-दोन पेनीची.

घेण्याआधी टाकीचं तोंड मोजा. बहुतेक आयबीसींचं झाकण १५० मिलिमीटरचं असतं आणि फ्लोट स्विचवाला पंप त्यातून उतरत नाही. मग खालच्या व्हॉल्व्हला बाहेरून पंप जोडायचा. तिथला आटा ६० मिलिमीटरचा, जाड पेऱ्यांचा असतो. त्याला साधा नळाचा जोड बसत नाही, आयबीसीचाच ॲडाप्टर लागतो. पुढे पॉलिप्रोपिलीनचा कॅमलॉक (खटक्याचा जोड) लावला की नळी दोन खटक्यांत निघते. प्लग ३० मिलिअँपिअरच्या आरसीडीवरच (वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणाऱ्या स्विचवरच) हवा.

एक गोष्ट पंपवालेही विसरतात. नळीचं टोक व्हॅनच्या पाण्यात बुडालेलं ठेवून पंप बंद केला, की सायफन उलटा लागतो आणि पाणी थांबलेल्या पंपातून परत आयबीसीत जातं. सकाळी टाकी अर्धी रिकामी, आणि माणूस गळती शोधत बसतो. टोक झाकणाजवळ, पाण्याच्या वरच बांधून ठेवा. पाणी उलटं जाऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर विसंबू नका. एक खडा अडकला की तो उघडाच राहतो.

‘पाणी शुद्धच आहे, कुठलीही नळी चालते’

शुद्ध म्हणजे विरघळलेले क्षार नसलेलं. हे क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य, फार तर १० पीपीएमपर्यंत. त्यापुढे काच वाळताना डाग राहू लागतात. क्लोरीनही निघून गेलेला असतो, त्यामुळे उजेड लागला की शेवाळ धरतं. पांढरी आयबीसी उघडी ठेवायची नाही, काळं आवरण घालायचं. नळीही अपारदर्शक हवी. पितळेचे जोड या पाण्याने हळूहळू झिजतात, म्हणून प्लास्टिकचे बरे. नळीत दिवसभर तापून राहिलेलं पहिलं पाणी व्हॅनमध्ये न घेता बाहेर सोडा. १० मीटर एक इंची नळीत ते ५ लिटर भरतं. आणि मीटर शून्य दाखवतो म्हणून शेवाळ नाही असं समजू नका, मीटरला ते दिसत नाही.

जुनी आयबीसी घेताना लेबल वाचा. डिटर्जंट किंवा तेल भरलेली टाकी कितीही धुतली तरी काचेवर पट्टे येत राहतात.

‘भरतानाच रेझिनमधून काढा, म्हणजे शंका नको’

डीआय रेझिनला (उरलेसुरले क्षार शोषून घेणाऱ्या दाण्यांना) पाणी सावकाश लागतं. मिनिटाला ५० लिटरच्या वेगाने ढकललं तर पाणी रेझिनशी पुरेसं भिडतच नाही, टीडीएस चढतो आणि रेझिन फुकट जातं असं वाटू लागतं. ते आरओनंतर, साठवण टाकीच्या आधी बसवा. तिथून मिनिटाला लिटर-दोन लिटरच पाणी येत असतं.

हिवाळ्यात दोन गोष्टी. थंड पाण्यात आरओचं उत्पादन निम्म्यापर्यंत घसरतं, तेव्हा साठ्याचा हिशेब उन्हाळ्याच्या आकड्यांवर करू नका. आणि भरून झाल्यावर नळी सोडवून उताराला धरून रिकामी करा, बाहेरचा पंप असेल तर त्यातलं पाणीही काढा. आयबीसीचा प्लास्टिकचा व्हॉल्व्ह गोठून तडकला, तर हजार लिटर अंगणात जातात; त्यावर जुनं घोंगडं आणि वर प्लास्टिकची पिशवी बांधली तरी पुष्कळ.