बाळराजे धावतात, आईवडील जेवतात
रविवारी रात्री पुण्यातल्या एखाद्या बऱ्यापैकी हॉटेलात पाऊण तास ताटकळून टेबल मिळवावे आणि पहिला घास तोंडात घालण्यापूर्वीच शेजारच्या मोबाइलमधून बालगीतांचा कर्कश रतीब सुरू व्हावा, हा योग बहुधा माझ्या पत्रिकेतच लिहिलेला आहे. लहान मुलांना हॉटेलात आणूच नये, असे मी मुळीच म्हणत नाही. चार वर्षांच्या मुलाने दीड तास खुर्चीला खिळून बसावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. माझा राग आहे तो, मूल टेबलांमधून धावत असताना मेनूकार्डात डोके खुपसून बसणाऱ्या आईवडिलांवर. परवा सिझलरची चरचरणारी, धूर ओकणारी तापलेली लोखंडी थाळी घेऊन येणारा वेटर अशाच एका बाळराजांना चुकवताना जेमतेम सावरला, तेव्हा वडिलांनी मान वर करून त्यालाच "बघून चालता येत नाही का?" असे सुनावले. ती थाळी मुलाच्या अंगावर पडली असती तर काय झाले असते, हा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नाही. वेटर बिचारा "सॉरी सर" म्हणत राहिला. (बाळराजे तोवर आमच्या टेबलावरची बडीशेप जमिनीवर पेरत होते.)