‘अर्ध्या तासात विचार होत नाही’ : सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया आली त्याच रात्री वाचली. उत्तराला आठवडा लागला, कारण पहिले दोन दिवस नुसता रागच आला होता.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. परदेशी विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षांत घड्याळ लावून इंग्रजी निबंध कसा लिहावा, यावर मी मागे लिहिलं होतं. सरांनी आयुष्यभर मराठी शिकवलं आहे. त्यांचं म्हणणं असं: अर्ध्या तासात विचार होत नाही, नुसता रतीब घातला जातो. मी पाच परिच्छेदांचा साचा देऊन पोरांना जिलब्या पाडायला शिकवते. मराठी माध्यमाची मुलं यात आधीच मागे असतात. आणि हा निबंध परीक्षांतून हद्दपारच होतोय, तेव्हा ‘तुमचं दुकान किती दिवस चालणार?’ वर चिपळूणकरांची आठवण. त्यांची निबंधमाला १८७४ पासून महिन्याच्या महिन्याला निघायची, आणि त्याच पुण्यात आम्ही अर्ध्या तासाचा गजर लावून बसतो.

दुकानाचं आधी उरकते. तुम्ही म्हणता ते बरंचसं खरं आहे. अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशाच्या सॅट परीक्षेतला ऐच्छिक निबंध २०२१ मध्ये बंद झाला, तिथल्या काही राज्यांतल्या शाळांपुरता उरला. एमबीएच्या प्रवेशासाठीच्या जीमॅटच्या नव्या रूपात निबंध नाही. इंग्रजी किती येतं ते पाहणाऱ्या टोफेलमधला अर्ध्या तासाचा स्वतंत्र निबंध जुलै २०२३ मध्ये गेला, त्याच सप्टेंबरात पदव्युत्तर प्रवेशाच्या जीआरईतल्या दोन निबंधांपैकी एक गेला. पण उरलाय त्याचं काय? जीआरईत तीस मिनिटांचा एक आहेच. टोफेलसारखीच इंग्रजीची परीक्षा आयेल्ट्स, तिच्यात चाळीस मिनिटांत किमान अडीचशे शब्द लिहायचे असतात आणि त्याचं वजन पहिल्या छोट्या प्रश्नाच्या दुप्पट. ब्रिटनमधल्या काही विद्यापीठांत कायदा शिकायचा तर एलनॅट ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. तिथे तीनपैकी एक प्रश्न निवडून चाळीस मिनिटांत लिहायचं. त्या निबंधाला गुणच नसतात, तो जसाच्या तसा विद्यापीठाकडे जातो. म्हणजे तो वाचणारा माणूस तुमच्यासारखाच कुणी मास्तर असतो. दुकान बंद पडलं तर पडेल, मला दुसरंही काही येतं.

आता जिलब्या. इथे मी निम्मी हरले.

साच्याचा तो परिच्छेद मी घाईत लिहिला होता आणि तो चुकीचा होता. साचा निबंध तपासणाऱ्या यंत्राला फसवू शकतो हे उघड गुपित आहे. अमेरिकेतल्या एमआयटीतले लेस पेरेलमन यांनी तर निरर्थक इंग्रजी निबंध तयार करणारा प्रोग्रॅमच काढला होता, आणि त्या जड शब्दांच्या गोधडीला स्वयंचलित तपासणीत चांगले गुण मिळाले होते. पण जीआरईत एकटं यंत्र नसतं. एक प्रशिक्षित परीक्षक शून्य ते सहाच्या मापात गुण देतो, मग यंत्र देतं. दोघांचं जमलं तर सरासरी, नाही जमलं तर दुसरा माणूस. त्या माणसासमोर दिवसभरात त्याच विषयावरचे किती निबंध येत असतील, विचार करा. ‘आजच्या वेगवान युगात’ अशी सुरुवात वाचून त्याचं काय होत असेल ते तुम्हाला मी सांगायला नको. बोर्डाचे पेपर तुम्हीही तपासलेत.

आणि तिथेच माझं तुमच्याशी खरं भांडण आहे. मराठी माध्यमाचं पोर इंग्रजीपायी अडतं, असं तुम्ही म्हणता. माझ्याकडे येणारी पोरं अडतात ती आपल्या निबंधापायी. ‘मी पंतप्रधान झालो तर’, ‘विज्ञान : शाप की वरदान’. त्यात आपण काय शिकवलं? आधी एक सुविचार, मग पाच ओळी प्रास्ताविक, मग थोडं शाप, थोडं वरदान, आणि शेवटी ‘म्हणून माणसाने विवेकाने वागावे’. बाजू घ्यायची नाही, कुणाला दुखवायचं नाही. इंग्रजी माध्यमाची मुलंही हेच करतात, फक्त स्पेलिंग बरोबर असतं. साचा मी दिला नाही, सर. तो दहावीपासून त्यांच्या अंगात मुरलेला असतो.

एक उदाहरण देते. जुन्नरकडची एक मुलगी, दहावीपर्यंत मराठीत शिकलेली, पुढे मेकॅनिकल इंजिनीअर. जीआरईचे विषय परीक्षा घेणारी संस्था आधीच जाहीर करून ठेवते. त्यातला एक असा: समाजाची महत्त्वाची वैशिष्ट्यं समजून घ्यायची तर त्याची मोठी शहरं अभ्यासली पाहिजेत. तुम्ही कुठवर सहमत आहात? हिने लिहिलं न्यूयॉर्क, पॅरिस, टोकियो. एकही शहर पाहिलेलं नाही. का, तर उदाहरणं ‘ग्लोबल’ हवीत असं कुणीतरी सांगितलेलं. वाक्यं शुद्ध होती आणि आत काहीही नव्हतं.

मी विचारलं, पुण्यात आल्यावर पहिलं मोठं असं काय पाहिलंस? म्हणाली, पालखी. मग म्हटलं, पालखी शहराची का?

ती गप्प बसली. मग बोलायला लागली तर थांबेना. ज्ञानोबांची पालखी आळंदीहून निघते, तुकोबांची देहूहून. पुण्यात एक भवानी पेठेत उतरते, एक नाना पेठेत. मग दोन्ही पंढरीच्या वाटेला लागतात. शहराला ती दिसते, शहर तिला जेवू घालतं, रस्ते बंद होतात, पेपरात फोटो येतात. पण चालणारी माणसं आपापल्या गावांतून आलेली असतात. म्हणजे शहरात समाज एका जागी दिसतो, पण तो घडलेला दुसरीकडे असतो. नेमकी हीच तिची बाजू झाली: शहर अभ्यासा, पण खिडकी म्हणून. मी फक्त एवढंच विचारलं, की मग शहरातच घडतं असं काहीच नाही का? त्यावर तिने कारखाने आणि कॉलेजं आणली, आणि विधान कुठे लागू पडतं तोही परिच्छेद तयार झाला. प्रश्नाखालच्या सूचनेत तेच मागितलेलं असतं.

हे सगळं सात मिनिटांत झालं. चिपळूणकरांना महिना मिळायचा हे मान्य, पण या मुलीकडे विचार आधीपासून होता. अर्ध्या तासात तो जन्माला घालायचा नसतो, हाताशी असलेल्यातलं काय घ्यायचं आणि काय टाकायचं ते ठरवायचं असतं. तुम्ही वर्गात फळ्यापाशी उभे राहून तासाला हजार वेळा तेच करत असाल.

माध्यमाच्या बाबतीत खरा अन्याय कुठे होतो सांगू? टायपिंगमध्ये. जीआरईच्या त्या चौकटीत स्पेलिंग तपासून मिळत नाही, आणि ही मुलगी दोन बोटांनी टाइप करायची. मिनिटाला बारा शब्द धरा. विचाराची सात मिनिटं आणि शेवटी वाचायची तीन सोडली तर वीस उरतात, म्हणजे दोनशे चाळीस शब्द. एवढ्यात पालखी आळंदीतून बाहेरच पडत नाही. तिला मी इंग्रजीच्या नाही, टायपिंगच्या क्लासला पाठवलं, जिथे परीक्षा परिषदेच्या तीस शब्द प्रतिमिनिटच्या परीक्षेची तयारी होते. तीसच्या वेगाने त्याच वीस मिनिटांत सहाशे होतात. मग खोडायलाही वाव राहतो.

मागच्या लेखातला साच्याचा परिच्छेद मी काल काढून टाकला, तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख करून. ‘दुकान’ हा शब्द मात्र मागे घ्या, निदान अर्धा तरी.

आणि एक कबुली. परवा त्याच मुलीने तंत्रज्ञान आणि माणसाची विचारशक्ती यावर निबंध लिहिला. दुसऱ्या परिच्छेदात पालखी. त्याआधी शिक्षणावर लिहिला होता, त्यातही पालखी. तुमची जिलबी मला तिथे पुन्हा आठवली. तिला सांगितलंय, आषाढ येईपर्यंत पालखी बंद.