ठासणीची असली तरी बंदूकच

भात पोटरीला आलं की आमच्या तळकोकणातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज डुकरांच्याही आधी येऊन पोचतो. यंदाही आला. मजकूर थोडक्यात असा: ठासणीच्या (नळीच्या तोंडातून दारू-छरे ठासून भरायच्या) बंदुकीला परवाना लागत नाही, कारण १८९८ च्या आधीच्या बनावटीची बंदूक कायद्याने बंदूकच नसते. वाडवडिलांची असेल तर प्रश्नच मिटला. कर्नाटकातल्या कोडगूत बघा, कुणाला परवाना लागत नाही. आणि शेतीसंरक्षणाचा परवाना असेल तर डुक्कर, भेकर, ससा, काय वाट्टेल ते मारा. हंगामात कोणी विचारत नाही. खाली नेहमीप्रमाणे ‘शेतकरी बांधवांपर्यंत पोचवा’.

पोचवण्याआधी जरा थांबा.

आधी ते १८९८. हे साल आपल्या शस्त्र अधिनियमात नाही, ते अमेरिकेतून आलंय. तिथल्या १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टप्रमाणे १८९८ किंवा त्याआधी बनलेलं हत्यार ‘अँटिक’ धरतात. काळी दारू वापरणारी आणि तयार काडतूस न घेणारी ठासणीची बंदूक आज बनवलेली असली तरी, काही अपवाद सोडून, त्याच खात्यात जाते. कोणीतरी तिकडचा व्हिडिओ पाहिला आणि इकडे मराठीत उतरवला, एवढंच. गंमत म्हणजे त्या अमेरिकेतही शिकारीच्या हंगामात हे चालून जात नाही. ठासणीच्या बंदुकांचा वेगळा हंगाम असतो आणि त्यात ‘ठासणीची’ म्हणजे काय हे प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं. कोलोरॅडोत त्या हंगामात दुर्बीण चालत नाही, दारूच्या तयार गोळ्या चालत नाहीत, सुटीच दारू हवी. पेनसिल्व्हेनियात नाताळनंतरच्या हंगामाला चकमकीचीच बंदूक लागते. उलट मिसिसिपीच्या ‘आदिम शस्त्रां’त मागून काडतूस घालायची एकनळी रायफलसुद्धा बसते, मात्र तिचा घोडा (चाप ओढल्यावर आपटतो तो भाग) बाहेर दिसायला हवा. तिथले शिकारीच यात गोंधळतात, तर तो नियम उचलून सावंतवाडीत लावण्यात काय हशील?

आता आपला कायदा. शस्त्र अधिनियम, १९५९. स्फोटकाच्या किंवा दुसऱ्या कुठल्या ऊर्जेच्या जोरावर गोळी, छरा, काहीही फेकण्यासाठी बनवलेलं किंवा तसं जुळवून घेतलेलं हत्यार म्हणजे बंदूक, अशी त्यातली व्याख्या आहे. भरायची पुढून की मागून, याचा त्या व्याख्येशी संबंध नाही.

आजोबांची बंदूक भरताना मी लहानपणी पडवीत बसून पाहिली आहे. नळी उभी धरायची, मापाने दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा, मग गजाने ठासायचं. गज उडी मारायला लागला की दारू बसली. मग छरे, पुन्हा बोळा, पुन्हा गज. शेवटी घोडा अर्धा ओढून टोपी, म्हणजे दारू पेटवणारी ठिणगी देणारी चिमुकली वाटी, बसवायची. या सगळ्यात आजी दोनदा आतून ओरडायची, ‘पोराक लांब बसव!’ उठाठेव केवढी ही, म्हणून बंदूक गरीब वाटते. पण चाप ओढला की घोडा पडतो, दारू पेटते, छरे सुटतात. कायदा एवढंच बघतो.

तरी ‘ठासणीला परवाना नाही’ ही समजूत नुसत्या व्हिडिओवर पोसलेली नाही. तिला आपल्याच कायद्यात एक मूळ आहे, आणि ते नीट वाचायला हवं. कलम १३(३) मध्ये ठासणीच्या बंदुकीचा नाव घेऊन उल्लेख आहे. पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी कोणी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागितला, तर परवाना नाकारण्याची कलम १४ मधली कारणं आड येत नसतील तर अधिकाऱ्याने तो द्यायचा आहे. पिस्तूल-रिव्हॉल्व्हर मागणाऱ्याला आधी आपली सबळ गरज पटवून द्यावी लागते. ठासणीवाल्या शेतकऱ्याला पिकाचं कारण पुरतं. इतकंच नाही, ठासणीची बंदूक पिकाला पुरी पडत नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. म्हणजे सवलत आहे, पण ती परवाना मिळण्यातली. अर्ज, पोलीस चौकशी, नूतनीकरण, सगळं आहेच. ‘लवकर मिळतो’चं ‘लागतच नाही’ कधी झालं ते कळलंही नाही. आणि या दोहोंतलं अंतर साधंसुधं नाही: २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगण्याला किमान २ ते कमाल ५ वर्षं कैद आहे. परवाना आहे पण त्यातल्या अटी मोडल्या, तर ६ महिन्यांपर्यंत.

वाडवडिलांची बंदूक. कलम ४५ मध्ये जुन्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या हत्यारांना सूट आहे खरी. पण पुढचे शब्द मेसेजवाल्याने गाळले: जे दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, असं हत्यार. आमची बंदूक आजोबांनंतर ६ वर्षं माळ्यावर गंजत होती. परवानाधारक कारागिराने नळी साफ केली, टोपीची बोंडी बदलली, आणि एका दुपारीत ती बार काढायला तयार झाली. अशा बंदुकीला पुराणवस्तू कोण म्हणेल? वारसाने ती आपल्या नावावर करून घ्यायची तरतूद २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे; परवानाधारक हयात असतानाही, त्याची सत्तरी झाली किंवा बंदूक त्याच्याकडे येऊन २५ वर्षं झाली की, ती वारसाकडे देता येते. फाईल हलायला वेळ लागतो, आमची दीड वर्ष एका कचेरीत पडून होती. वैताग येतो, मान्य. म्हणून बंदूक माळ्यावर तशीच ठेवून गप्प बसणं हा उपाय होत नाही.

कोडगूचं एका ओळीत: तिथली सूट स्थानिक कोडवा लोकांना आणि जम्मा (तिथल्या वंशपरंपरेच्या) जमीनधारकांना आहे, केंद्राने शस्त्र अधिनियमाच्या कलम ४१ खाली दिलेली आणि २०२९ पर्यंत वाढवलेली. ती माणसांना आहे, ठासणीला नाही. आणि वन्यजीव कायद्यातून त्यांनाही सुटका नाही.

आता शिकार. सगळ्यात मोठा घोळ इथे आहे. शिकारीचे परवाने आपल्याकडे होते, हे म्हाताऱ्या मंडळींचं म्हणणं खरं आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही सुरुवातीला ते होते. १९९१ च्या दुरुस्तीने ते दार बंद केलं. आज या देशात शिकारीचा हंगाम नावाची गोष्ट नाही, शिमग्याची पारध धरूनही नाही. शस्त्राचा परवाना पोलिसांच्या कायद्यातला आणि जनावर मारायची परवानगी वनखात्याच्या कायद्यातली. पहिला कागद खिशात असला म्हणून दुसरा आपोआप मिळत नाही.

दुसरा कागद मिळतच नाही असंही नाही. वन्यजीव कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीतलं (यादीतलं) जनावर उभ्या पिकाला धोका ठरलं तर त्याच कायद्याच्या कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्याने नेमलेला अधिकारी कारणं नोंदवून लेखी आदेश देऊ शकतो. रानडुक्कर या अनुसूचीत आहे. गवा पहिल्या अनुसूचीत, त्यामुळे गव्याने अख्खी बाग तुडवली तरी हा रस्ता त्याला लागू नाही. आणि ससा? सशाने असं काय वाटोळं केलं की त्याच्यासाठी लेखी आदेश निघावा? शिवाय रीतसर मारलेलं डुक्करही सरकारी मालमत्ता असतं, त्याचे वाटे पडत नाहीत. मेसेजमागचा खरा रस कुठे आहे ते यावरून समजा.

अभयारण्याच्या १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने आपलं नाव वनखात्याकडेही नोंदवायचं असतं. राधानगरी अभयारण्याच्या आसपासच्या गावांनी हे तपासून बघावं.

राहता राहिलं ‘कोणी विचारत नाही’. बाबांच्या कागदांच्या पिशवीत गेल्या निवडणुकीची पोलीस ठाण्याची पावती आहे. आचारसंहिता लागली तेव्हा बंदूक जमा करा असा निरोप आला, बाबा ती गोणपाटात गुंडाळून एसटीने घेऊन गेले. पावतीवर लिहिलंय: ठासणीची बंदूक, एकनळी, एक नग.